‘धाडू का मंग?’

मंगळवारी सकाळी नंदिनी चहा गाळत होती. पातेलं पडल्याचा आवाज आला. मी टेबलापासून उठून गेलो तेव्हा ती ओट्याला टेकून बसली होती. रुग्णवाहिका आली. दवाखान्यात डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी मला बसायला सांगितलं. तेव्हा साडेआठ वाजले होते.

तो चैत्र होता. ज्या प्रवासाबद्दल मी लिहितो आहे तो आश्विनात झाला, दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात. मधल्या महिन्यांबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

माझं काम वेबसाइटची पानं आखण्याचं. आमची पुण्यातली कंपनी एकच वेबसाइट वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या भाषांतल्या लोकांना वापरता येईल अशी करून देते. भाषांतर झालं की काम संपलं, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर ते तिथून सुरू होतं. जर्मनमध्ये एखादा शब्द इतका लांबतो की बटणात मावत नाही. अरबी पान उजवीकडून सुरू होतं, त्यामुळे ‘मागे’ नेणारा बाणसुद्धा फिरवून घ्यावा लागतो. जपानमध्ये मोकळं पान दाखवलं तर माणसं साशंक होतात. त्यांना सगळं एकदम समोर हवं असतं. हे मी त्या त्या गावी जाऊन, माणसांच्या शेजारी गप्प बसून शिकलो. आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि नव्याने आलेल्यांना मी तो पहिल्याच दिवशी सांगतो: माणूस चुकला तर चूक पानाची.

नंदिनी त्याच कंपनीत भाषेचं काम पाहायची. तिचं माहेर अकोल्याचं. एकोणीस वर्षांच्या संसारात ती माझ्याशी पुण्याची मराठी बोलली. आईशी फोनवर वऱ्हाडी बोले, पण तेव्हा ती गॅलरीत जाई आणि दार लोटून घेई. मी कधी त्याचा विचार केला नाही.

तिचं शेवटचं काम वऱ्हाडातल्या फुलं पिकवणाऱ्यांसाठी होतं. उद्या आपण काय तोडणार ते त्यांनी आदल्या संध्याकाळी मोबाइलवर सांगायचं. अमरावती-अकोल्याचे हारवाले ते पाहून मागणी नोंदवणार, तशी पिकवणाऱ्याच्या मोबाइलवर घंटीचं चित्र येणार, आणि सकाळी गावागावांत गाडी येऊन टोपली नेणार; शहरातल्यांनी आपली आपण पोचवायची. पुष्कळ बायकांना वाचता येत नव्हतं. म्हणून पानावर अक्षर जवळजवळ नाही. वरून खाली चित्रं, सगळ्यांत खाली हिरवं बटण, आणि एक बाई वऱ्हाडीतून एकेक प्रश्न विचारत, मध्ये थांबत जाणारी. तेवढ्या थांब्यात चित्रावर बोट ठेवायचं. चित्रं माझी होती. आवाजासाठी नागपूरहून एक बाई येणार होत्या. रेकॉर्डिंगच्या दिवसांत मी हॅम्बुर्गला होतो. “झालं का?” मी फोनवर विचारलं. “झालं,” नंदिनी म्हणाली. परत आल्यावर मी पानं तपासली ती आवाज बंद करून. माझं काम डोळ्यांचं.

पावसाळ्यात वेबसाइट सुरू झाली तेव्हा मी रजेवर होतो. दसरा जवळ आला तशा दोन तक्रारी आल्या. वलगावच्या बायकांच्या नोंदी येतच नव्हत्या. त्या म्हणत, आम्ही रोज सांगतो. आणि अकोल्याचा एक्केचाळीस नंबरचा शेतकरी रोज एक टोपलं झेंडू लिहायचा आणि एकदाही आणायचा नाही. साहेबांनी विचारलं, जाशील का? मी हो म्हटलं. चहाची वेळ झाली की मला घराबाहेर जावंसं वाटत असे.

अमरावती

सोमवारी सकाळी बडनेऱ्याला उतरलो. फुलवाल्यांच्या गटाचं काम पाहणारे प्रमोदभाऊ मोटारसायकल घेऊन आले होते. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, “फोटोत जाड दिसत होते तुमी.”

पुण्यात सहा महिन्यांत असं कोणी बोललं नव्हतं. मी म्हटलं, “फोटो जुना आहे.”

“मंग पहिले खाऊन घ्या. काम पळून नाई जात.”

त्यांनी न विचारता दोन प्लेट गिला वडा मागवला. तिखट माझ्या डोळ्यांत आलं. प्रमोदभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहत आणखी एक मागवला.

फुलबाजारात पोहोचलो तेव्हा सकाळची गर्दी ओसरली होती. जमिनीवर पोती अंथरलेली, त्यांच्यावर झेंडूचे ढीग, पिवळे आणि केशरी वेगवेगळे. माल विकून झालेल्या काही बायका घरी जाण्याआधीच उद्याची नोंद करत होत्या. प्रमोदभाऊंचं हेल्मेट हातात धरून मी एका ढिगापाशी उभा होतो. शेजारच्या बाईंनी मोबाइल पोत्यावर ठेवला आणि बोट लावलं.

“राम राम, माय,” मोबाइल म्हणाला. “काय तोडून राहिले उद्या? फुलावर बोट ठेवा. घाई नोका करू, मी काई पळून नाई चालली.”

हेल्मेट माझ्या हातून सुटून झेंडूत पडलं.

“ओ भाऊ! फुलं हायेत ते!” ती बाई ओरडली.

मी ते उचललं नाही. आवाज पुढे गेला, टोपली किती ते विचारून थांबला, पुन्हा पुढे गेला. तो नंदिनीचा होता. ‘राम’ म्हणताना तिचा श्वास जरा आधी सुटायचा, तसाच सुटला. आणि तरी तशी बोलणारी बाई मला ठाऊक नव्हती. ही बाई रांगडी होती, मोकळी होती, अनोळखी माणसाची गंमत करत होती. माझी बायको हॉटेलात पाणी मागतानासुद्धा आवाज उतरवायची.

प्रमोदभाऊंनी मला एका बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं. ऊन लागलं, असं त्यांना वाटलं. मी पुण्याला कार्यालयात फोन लावला. वऱ्हाडीतला आवाज कोणाचा, असं विचारलं. सहकारी म्हणाला, “नागपूरच्या बाई आल्याच नाहीत. नंदिनीनेच दोन दुपारी बसून सगळं केलं. तुला माहीत नव्हतं?”

सगळ्यांना माहीत होतं. मलाही असणार असं त्यांनी धरलं होतं, आणि शिष्टाचार म्हणून सहा महिने कोणी विषय काढला नव्हता.

वलगाव

मंगळवारी वलगावला गेलो. पेढी नदी ओलांडली की काळी जमीन सुरू होते. आदल्या दिवशी परतीचा पाऊस पडून गेला होता. बांधावरून चालताना माझा एक बूट मातीत राहिला आणि पाय पुढे गेला. तो काढायला वाकलो तर दुसराही रुतला. वच्छलाबाईंच्या झेंडूच्या वाफ्यापर्यंत मी दोन्ही बूट हातात घेऊन अनवाणी पोहोचलो.

वच्छलाबाई साठीच्या असतील. दीड एकरात झेंडू आणि थोडी शेवंती. “पुण्याचे बूट हायेत,” त्या प्रमोदभाऊंना म्हणाल्या. “त्यायले आमची माती आवडली. सोडूनच नाई राहिले.”

खाटेवर बसवून त्यांनी माझी चौकशी सुरू केली. गाव, पगार, आईवडील. मग, “बायको काय करते?”

“वारली. चैत्रात.”

पुण्यात या वाक्यानंतर माणसं खाली पाहतात. वच्छलाबाई माझ्याकडेच पाहत राहिल्या. “काय झालतं?”

“मला नीट कळलं नाही. चहा गाळत होती.”

“मंग आता चहा कोन करते?”

असा प्रश्न असू शकतो, हेच मला सुचलं नव्हतं. “कोणी नाही,” मी म्हटलं. “मी चहा सोडला.”

“हे काई बरं नाई,” त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. पितळेच्या पेल्यात त्यांनी आणलेला चहा फार गोड होता. तो मी प्यालो.

नंतर कामाला बसलो. माझी रीत ठरलेली आहे. माणसाला शिकवायचं नाही, रोजच्यासारखं करा म्हणायचं आणि शेजारी गप्प बसायचं. वच्छलाबाईंनी मोबाइल खाटेवर ठेवून पान उघडलं, पदर सारखा केला, आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसल्या.

“काय तोडून राहिले उद्या?”

“झेंडू, माय. अन् शेवंती उलशी.”

“टोपले किती?”

“झेंडूचे सहा. शेवंतीचं एक लिव. ते अजून लहान हाये.”

“मोठ्ठे फुलं हायेत का बारके?”

“मोठ्ठे हायेत ना! पाह्य ना येऊन एकडाव.”

“धाडू का मंग?”

“धाड, धाड.”

आणि त्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

एकाही चित्राला त्यांचं बोट लागलं नव्हतं. बोट ठेवण्यासाठी नंदिनीने प्रश्नांमध्ये जो थांबा घेतला होता, तो बरोबर एका उत्तराएवढा होता.

“मावशी, हिरवं बटण दाबायचं राहिलं,” मी म्हटलं.

“कायले? सांगतलं ना तिले.”

“ती ऐकत नाही. यंत्र आहे ते.”

“यंत्र असं बोलते काय गा?”

प्रमोदभाऊ कपाळाला हात लावून हसले. “साहेब, चार डाव सांगतलं म्या यायले. मी समोर असलो का दाबतात. मी गेलो का गप्पा.”

मी पुन्हा करायला सांगितलं. या वेळी त्यांनी शिकवल्याप्रमाणे सगळं दाबलं, परीक्षेला बसल्यासारखं. तिसऱ्यांदा मी मुद्दाम दूर जाऊन उभा राहिलो. पहिल्या प्रश्नालाच वच्छलाबाई मोबाइलशी बोलू लागल्या. नंतर आणखी दोन घरी गेलो. तिथे एका सुनेने तर, “थांब वं, सासूले इचारून येतो,” असं मोबाइलला सांगितलं आणि आत निघून गेली.

निघण्याआधी वच्छलाबाईंनी मला गोठ्यामागे नेलं. तिथे झेंडूचा ढीग होता, तपकिरी, खालून पाणी सुटलेला. “मागच्या हप्त्यात तोडून ठेवले, गाडीच नाई आली. तिले म्हटलं बी म्या, काहून वं, धाडलं नाई? तं दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच इचारलं, काय तोडून राहिले.” त्या हसल्या. मग हसू गेलं. “शुक्रवारी दसऱ्याची तोड हाये. साऱ्या सालात हे एकच तोड. हे जर असंच सडलं तं मी काई झेंडू लावत नाई आता.”

नंतर त्यांनी विचारलं, “कोन्या गावची हाये ती पोरगी? एकडाव घेऊन या ना तिले. रोडगे खाऊ घालीन.”

मला खोटं बोलता आलं असतं. “अकोल्याची,” मी म्हटलं. “माझी बायको होती ती.”

प्रमोदभाऊंनी चटकन माझ्याकडे पाहिलं. वच्छलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि हातातला मोबाइल छातीशी धरला. त्या म्हणाल्या, “लय वाईट झालं बापा तुह्यं.” आणि जरा वेळाने, “पन माहे फुलं सडले, ते बी खरंच हाये.”

अमरावतीला परतताना मी मोटारसायकलवर मागे बसून हिशेब लावत होतो. माणूस चुकला तर चूक पानाची. इथे चूक कुठे होती हे मला कळलं होतं. दुसरी कोणी बाई असती तर मी तिला बोलावून सांगितलं असतं, विचारू नका, सांगा, थांबू नका, इतक्या आपलेपणाने बोलू नका. दोन तासांत नवी वाक्यं मिळाली असती. हिचं नवं वाक्य आता कोणालाही मिळणार नव्हतं. आवाज जसा होता तसा ठेवायचा, नाहीतर पूर्ण काढायचा. आणि गुरुवारी संध्याकाळच्या आत ठरवायला हवं होतं, कारण शुक्रवारच्या तोडीची नोंद तेव्हाच व्हायची होती.

त्या दिवशी मी पुण्याला काही कळवलं नाही. अकोल्याचं पाहून मग एकत्र कळवू, असं स्वतःला सांगितलं.

अकोला

बुधवारी एसटीने अकोल्याला आलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटायला लागला होता आणि तूर उंच झाली होती. एक्केचाळीस नंबर कोण, ते शोधायला माझ्याकडे ‘अकोला, जुनं शहर’ एवढाच पत्ता होता; नोंद सुरुवातीच्या चाचणीतली, नाव-फोन भरलेले नव्हते. सासूबाईंचं घर तिथेच, मोर्णेच्या काठाला. आधी तिथे पिशवी टाकावी आणि मग चौकशी करावी असं ठरवलं.

सासूबाई एकट्या राहतात. मेहुणा सुरतेला असतो. चाळीस वर्षं त्यांनी फुलं विकली. गुडघे गेले तेव्हा टोपलं ठेवलं. चैत्रानंतर मी इथे आलो नव्हतो. दारात त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, आणि शेजारच्या दोघी बायका लगेच येऊन उभ्या राहिल्या.

“हेच का जावाई? बापा, अर्धे झाले.”

“नंदाले काय झालतं वं? आधी काई दुखत होतं का?”

सासूबाईंनी जे माहीत होतं ते सगळं सांगितलं, भाकरी थापत थापत. पातेल्यापासून डॉक्टरांपर्यंत. मी ते शब्दांत कधी ऐकलं नव्हतं. भाकरी, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा समोर आला तेव्हा शेजारणी निघून गेल्या होत्या आणि मला भूक लागली होती.

दुपारी मी आत झोपलो. पाच वाजता उठून मागच्या मोरीत तोंड धूत होतो, तेव्हा पुढच्या ओट्यावरून आवाज आला.

“राम राम, माय. काय तोडून राहिले उद्या?”

“झेंडू,” सासूबाई म्हणाल्या.

मी तसाच ओल्या तोंडाने दारापर्यंत आलो. त्या उंबऱ्याशी पाय लांब करून बसल्या होत्या. मोबाइल मांडीवर. झेंडूच्या चित्रावर त्यांनी नीट बोट ठेवलं.

“घाई नोका करू, मी काई पळून नाई चालली.”

“हो बाई,” सासूबाई म्हणाल्या. “माईत हाये मले.”

टोपल्याचं चित्र त्यांनी एकदा दाबलं. मोठी फुलं दाबली.

“धाडू का मंग?”

“धाड,” त्या म्हणाल्या, आणि हिरवं बटण दाबलं.

वलगावात एकीनेही आपणहून न दाबलेलं बटण. एक्केचाळीस नंबर माझ्यासमोर बसला होता.

त्यांनी मान वळवली. दचकल्या नाहीत. “तुमी बी ऐकता का पुण्याले?”

“नाही.”

“काहून?”

“मला माहीतच नव्हतं. परवा कळलं.”

“तुमच्यासंग बोलत नवती काय अशी?”

“नाही,” मी म्हटलं.

त्यांनी शेजारची जागा हाताने झाडली. मी बसलो. त्यांनी सांगितलं की माघात नंदाने फोन करून हे सगळं आधी त्यांनाच शिकवलं होतं. “म्हने, आई, तुले जमलं तं साऱ्यायले जमते. हिरवं दाबजो म्हने, इसरजो नोको. मंग म्या नाई इसरली.” पोरगी गेल्यावर पहिले काही महिने त्यांनी मोबाइलला हात लावला नाही. आषाढात एकदा लावून पाहिलं, आणि ती बोलली. तेव्हापासून रोज पाच वाजता.

मला सांगावंच लागलं. “आई, हिरवं बटण दाबलं की ते पुढे जातं.”

“कुठी जाते?”

“हारवाल्याकडे. इथल्याच, देवळाजवळच्या. तुमचं एक टोपलं येणार म्हणून तो रोज वाट पाहतो.”

“खरोखरचा हारवाला?”

“खरोखरचा.”

त्यांचा हात मोबाइलवरून उचलला गेला, तापल्या तव्यावरून उचलावा तसा. “मले वाटे हे तिचं अन् माहं हाये,” त्या म्हणाल्या. “ते घंटीचं चित्र येते रोज. मले वाटे तिचीच काई गंमत.” मग त्यांचा चेहरा उतरत गेला. नंदिनी गेली तेव्हाही मी तो असा पाहिला नव्हता. तेव्हा त्या रडत होत्या. आता रडत नव्हत्या. “चाळीस साल फुलं विकले म्या. बोललेलं टोपलं कधी चुकलं नाई. पाण्यात नाई, नंदा पोटात होती तवा नाई. अन् आता रोज खोटं बोलून राहिली?”

“तुमची चूक नाही. पानाची चूक आहे.”

“पानाले काय समजते?” त्या म्हणाल्या. “सकाळी बाजारात जाऊ.”

गुरुवार

सकाळी आम्ही रिक्षाने बाजारात गेलो. सासूबाईंनी चार ढीग नाकारले. प्रत्येक ढिगात हात खुपसून खालचं फूल वर काढलं, वास घेतला. पाचव्या ढिगाची फुलं त्यांनी स्वतःच्या जुन्या टोपल्यात भरून घेतली. देवळाची गल्ली अरुंद, रिक्षा तोंडाशीच थांबली. टोपलं मी घेतलं.

डोक्यावर ओझं घ्यायची मला सवय नाही. त्यांनी चुंबळ करून दिली, तीही सरकली. चार पावलं गेलो की फुलं घरंगळत. “थांबा! पायाखाली येऊ देऊ नोका!” मागून त्या ओरडत. मी वाकलो की आणखी चार पडत. शेवटी टोपलं छातीशी कवटाळून चाललो. गल्लीतली माणसं वाट देत होती आणि हसत होती. एक म्हातारा म्हणाला, “पावना हाये वाटते. लेकाच्याले टोपलंच धरता नाई येत.”

हारवाला तिशीतला होता. सासूबाईंनी त्याला मोबाइल दाखवला. “हे एक्केचाळीस म्हनतात तो नंबर माहा हाये.”

त्याने सुई खाली ठेवली. “मावशी, तुमी हायेत का ते? काय त्रास देल्ला हो तुमी मले! रोज नाव लावता अन् रोज फसवता. म्या तं शिव्या बी देल्ल्या.”

“आता दे ना गा, तोंडावर दे.”

“आता कशा देऊ? फुलं आनले तुमी.”

“हे कालच्या नावाचं हाये. मांगच्यायचं माफ कर. अन् उद्यापासून माही वाट पाहू नोको.”

त्याने एक फूल उचलून पाहिलं. “फुलं तं लय भारी हायेत. काहून बंद करता?”

सासूबाईंनी चुंबळ सोडून, घडी घालून कमरेला खोचली.

तिथेच, देवळाच्या पायरीवर बसून मी पुण्याला फोन लावला. वलगावचं सगळं सांगितलं. आवाज काढा म्हटलं. सबंध, आजच, दुपारच्या आत. तात्पुरता यंत्राचा आवाज लावा, प्रश्न न विचारणारा, फक्त ‘चित्र दाबा’ म्हणणारा. पलीकडून सहकाऱ्याने दोनदा विचारलं, “नक्की?” मी दोनदा हो म्हटलं. फोन माझ्या हातात तसाच चालू राहिला.

सासूबाई शेजारीच होत्या. वलगावची हकिगत त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

“आज पाच वाजता नाई येनार मंग ती?”

“नाही.”

हारवाल्याने आमचा झेंडू ओवायला घेतला होता. “दसऱ्याचे फुलं हायेत त्या बाईचे,” त्या शेवटी म्हणाल्या. “गेले पायजे.” आणि माझ्या खांद्यावर हात टेकून उठल्या.

संध्याकाळी मी नंदिनीची सगळी वाक्यं पुण्याहून मागवून त्यांच्या मोबाइलमध्ये भरून दिली. एकामागून एक ती वाजली. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मोबाइल मला परत दिला. “हे तं नुसतं बोलते,” त्या म्हणाल्या. “थांबत नाई.”

शुक्रवारी दुपारी प्रमोदभाऊंचा फोन आला. वलगावच्या सगळ्या नोंदी आल्या, गाडी भरून गेली, वच्छलाबाईंची चौदा टोपली तिच्यात होती. “नवीन बाईले वच्छलाबाई शिव्या देऊन राहिल्या,” ते म्हणाले. “म्हनतात, हिच्यासंग बोलावंच वाटत नाई, मंग दाबाच लागते.”

दसरा अकोल्याला करून मी पुण्याला परतलो. निघताना सासूबाईंनी ज्वारीचं पीठ आणि ठेच्याची बरणी दिली, आणि बरीच साखर घातलेला चहा उभ्याउभ्या पाजला.

घरी आल्यावर मी एक पान आखलं. त्यावर तीच चित्रं आहेत आणि नंदिनीचे सगळे प्रश्न आहेत, तिने जिथे थांबा घेतला तिथल्या थांब्यासह. शेवटी हिरवं बटण आहे. ते दाबल्यावर काहीही कुठेही जात नाही. मी आजवर पुष्कळ देशांसाठी पानं केली; या पानाचं भाषांतर करायचं नाही.

ते वापरणारे दोघे आहेत. एक अकोल्यात, रोज पाच वाजता. एक पुण्यात, सकाळी, चहा गाळून झाल्यावर.